छोट्या आगगाडीची एका रुपयात परीक्षा

पुण्यात कोथरूडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आलं, की घरी तशीच गाडी मांडायचा हट्ट मुलं धरतात. खरं सांगायचं तर बाबाही! रूळ जोडले जातात, गाडी धावू लागते. मग एक दिवस सांध्यावर डबा घसरतो, त्याची धातूची चाकं दोन्ही रुळांना एकदम टेकतात आणि शॉर्ट सर्किट होतं. रुळांवर विसरलेला स्क्रूड्रायव्हरही हेच करतो.

"घरात एमसीबी आहे की!" असं तुम्ही म्हणाल. इथे तो कामाचा नाही. डिजिटल म्हणजे डीसीसी संच रुळांत साधारण 15 व्होल्टला 5 अँपिअरपर्यंत करंट सोडू शकतो, म्हणजे 75 वॉट. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या हिशेबात हे अर्धा अँपिअरही नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताच लागत नाही. पण सोल्डरिंगचं साधं यंत्र 25 वॉटचं असतं. तशी तीन यंत्रं एका प्लास्टिकच्या डब्याला लावल्यासारखं होतं हे!

गाडीच्या कंट्रोल बॉक्समध्ये स्वतःचा ट्रिप असतो. तो पडला तर काहीच बिघडत नाही. धोका असतो तो न पडण्यात. वायर बारीक आणि लांब असेल तर तिच्या रोधामुळे करंट 5 अँपिअरपर्यंत पोहोचत नाही. बॉक्सला वाटतं, गाड्याच धावताहेत! आणि इकडे डबा वितळत असतो.

म्हणून ही परीक्षा करा, मोठ्यांनीच. सगळ्या गाड्या उचलून ठेवा. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. वीज क्षणात बंद झाली पाहिजे. असं हात-हात अंतरावर, सगळ्या मार्गावर करा. जिथे बंद होणार नाही, तिथे स्विच लगेच बंद करा. नाणं तापलेलं असेल, बोट लावू नका. अशा ठिकाणी टेबलाखालून 2.5 चौरस मिलिमीटरची जाड वायर फिरवून तिच्यापासून रुळांना आखूड जोडण्या द्या.

लहान गोल मार्गाच्या साध्या डीसी संचाला एवढा खटाटोप लागत नाही.

मोठ्या मांडणीत प्रत्येक भागाच्या वायरमध्ये गाडीच्या ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब ओळीत जोडतात. ही युक्ती मला फार आवडते. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो आणि करंट साधारण 2 अँपिअरवर रोखतो. फक्त तो थर्माकोलच्या डोंगराजवळ लावू नका, चांगलाच तापतो.