बहुमत असूनही ठराव आपटतो, असा गेम

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची स्पर्धा म्हटली की 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं नाव आधी निघतं. 2004 मध्ये आलेल्या या गेमने 2010 मध्ये 1 कोटी 20 लाख सभासदांचा टप्पा गाठला. पण गेमचं आयुष्य नुसत्या आकड्यावर नाही, कंपनी खेळाडूंशी कशी वागते यावरही ठरतं.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' पाहा. 2003 मध्ये सुरू झालेल्या या गेममध्ये लढणं सक्तीचं नव्हतं. कुणी डॉक्टर होई, कुणी बारमध्ये नाचून लढवय्यांचा शीण घालवी. नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीने तीसहून अधिक व्यवसाय मोडीत काढून फक्त नऊ ठेवले. मेहनतीने घडवलेल्या पात्रांचे व्यवसाय एका अपडेटमध्ये पुसले गेले, खेळाडू भडकले, पांगले. 2011 च्या डिसेंबरात गेम बंद.

'रूनस्केप'ने नेमकं उलटं केलं. जुना खेळ परत हवा ही ओरड ऐकून 2013 मध्ये 2007 च्या बॅकअपवरून 'ओल्ड स्कूल रूनस्केप' उभा राहिला. मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरतात आणि मतदारही भलताच कडक! 2019 मध्ये 'वॉर्डिंग' या नव्या कौशल्याला सुमारे 66 टक्के मतं पडली, तरी ते आपटलं. तेव्हा अट 75 टक्क्यांची होती. पुढे ती 70 वर आली आणि 2023 मध्ये 'सेलिंग' हे कौशल्य पास झालं.

'सिटी ऑफ हीरोज' तर 2012 मध्ये बंदच पडला होता. चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवला आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या 'होमकमिंग' गटाला मूळ मालक एनसीसॉफ्टने रीतसर परवाना दिला.

नवा गेम निवडताना ग्राफिक्स नंतर बघा. कंपनी खेळाडूंचं ऐकते का, हे आधी तपासा.