युरोपचे रंगमंच – ६ : कोणाची डच?

ब्रसेल्समधल्या फ्लेमिश नाट्यगृहाला शहरात सगळे 'केव्हीएस' म्हणतात. पूर्ण नाव 'रॉयल फ्लेमिश' वगैरे बरंच भारदस्त आहे. १८८७ मध्ये उघडलेल्या या इमारतीच्या दोन्ही अंगांना बाहेरून सज्जे आणि लोखंडी जिने आहेत. आग लागली तर लोकांना भराभर उतरता यावं, म्हणून वास्तुविशारद जाँ बास यांनी केलेली ही सोय. (१९५५ मध्ये आग लागलीही.) इमारत उभी राहिली ती मात्र मानापमानातून. तेव्हाच्या बेल्जियममध्ये सरकार, न्यायालय, विद्यापीठ, पैसा, जवळपास सगळा कारभार फ्रेंचमध्ये चाले. फ्लेमिश लोक बोलत ती डच म्हणजे शेतकऱ्यांची आणि घरकामाला येणाऱ्या बायकांची भाषा. या भाषेतही गंभीर नाटक होऊ शकतं, हे राजधानीत ठणकावून सांगायचं होतं.

पुढे फ्लँडर्सला, म्हणजे बेल्जियमच्या डच भाषक भागाला, पैसा आला, सत्ता आली. १९६२-६३ मध्ये देशाची भाषिक सीमारेषा कायद्याने आखली गेली. ब्रसेल्स अधिकृतपणे द्विभाषिक राहिलं, पण व्यवहारात तिथे फ्रेंचच जास्त कानावर पडते. सोबत अरबी, तुर्की, काँगोतली लिंगाला. घरी डच बोलणारे थोडे. त्यात बेल्जियममध्ये संस्कृती हे खातंच भाषेनुसार वाटलेलं आहे. केव्हीएसचं अनुदान फ्लेमिश सरकारकडून येतं, जवळच असलेल्या 'तेआत्र नास्योनाल'चं फ्रेंच भाषक समुदायाकडून. म्हणजे पैसा एका भाषेचा, आणि दारासमोरून जाणारी माणसं भलत्याच भाषांची.

हा पेच नीट कळायला आधी फ्लेमिश माणसाचं घरचं दुखणं पाहावं लागतं. फ्रेंचशी झुंजून मिळवलेली डच त्याला पूर्णपणे आपली कधी वाटलीच नाही. शाळेत 'सुसंस्कृत डच बोला' म्हणून मोहिमा चालायच्या, आणि सुसंस्कृत म्हणजे बहुतांशी हॉलंडच्या वळणाची. नट रंगमंचावर असं शुद्ध बोलत की प्रेक्षकांतल्या कोणाच्याच घरात तसं बोललं जात नसे. नव्वदच्या दशकात नाटककार आर्ने सीरेन्स यांनी घेंट शहराच्या गल्लीबोळांतल्या बोलीवरून आपली नाट्यभाषा रचली, तेव्हा लोकांना रंगमंचावरून आपली आई-मावशी ऐकू आली.

१९९७ मध्ये लेखक टॉम लानुआ आणि दिग्दर्शक लूक पेर्सेफाल यांनी केलेलं 'टेन ओर्लोख' हा तर कळसच. शेक्सपिअरच्या इंग्लिश राजांवरच्या नाटकांचं हे नवं रूप चालायचं दहा-बारा तास. लानुआ हा खाटकाचा मुलगा. भाषेचे तुकडे करायला तो अजिबात कचरत नाही. पहिल्या राजाचं नाव फ्रेंच थाटाचं आणि त्याच्या दरबारात घडीव छंद. मधल्या राजांच्या वाट्याला फ्लेमिश बोली येते. एका राणीच्या नावाबरोबर इटालियन शिरते. शेवटच्या रिचर्डच्या तर नावातच एक अमेरिकी शिवी डच स्पेलिंगात बसवली आहे, आणि तो बोलतो ती भाषा इंग्रजी सिनेमे व रस्त्यावरच्या शिव्यांचा चिखल. राज्य कोसळत जातं तसतशी भाषा फुटत जाते. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला हा सर्वांत धीट डच नाट्यग्रंथ. आणि त्यात स्थलांतरिताचं एकही पात्र नाही, हेही लक्षात ठेवावं.

स्थलांतरित माणसं केव्हीएसमध्ये आली काहीशी योगायोगाने. इमारतीची दुरुस्ती निघाली आणि मंडळी काही वर्षं ब्रसेल्सच्याच मोलेनबेक भागात, बिअर बाटल्यांत भरण्याच्या एका जुन्या कारखान्यात जाऊन राहिली. मोरोक्कन वंशाच्या कुटुंबांची ही दाट वस्ती. तिथे नाटक करायचं तर कोणासाठी, हा प्रश्न रोज दारात उभा. कलासंचालक यान खोसेन्स यांच्या कारकिर्दीत नाट्यगृहाने आपण फ्लेमिशांचे की शहराचे, याचा निकाल शहराच्या बाजूने लावला. फ्रेंच आणि इंग्रजी उपशीर्षकं रंगमंचाच्या वर झळकू लागली. उपशीर्षकांची गंमत अशी, की विनोदाला हशा दोनदा येतो. कधी वाचणारे नटाच्या आधीच हसून मोकळे होतात, आणि बिचाऱ्या नटाला ते वाक्य मग उरकून टाकावं लागतं.

२०१६ मध्ये, ब्रसेल्सच्या बॉम्बस्फोटांच्याच वर्षी, याच नाट्यगृहात 'माल्कम एक्स' आलं. फिक्री एल अझुझी, ज्युनियर म्थोम्बेनी आणि सेझार यान्सेन्स यांचा हा प्रयोग नाटक, मैफल आणि सभा अशा तिन्ही अंगांनी चालतो. एल अझुझी डचमध्येच लिहितात. ती डच फ्लँडर्समध्ये वाढलेल्या मोरोक्कन पोरांची आहे आणि तिला कोणाचं प्रमाणपत्र नको आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी घेंटच्या 'एनटीखेंट'मध्ये स्विस दिग्दर्शक मिलो राऊ यांनी दहा कलमी जाहीरनामा लावला. नेपथ्य वीस घनमीटरच्या आत, साध्या परवान्यावर चालवता येणाऱ्या गाडीत मावेल असं. निदान दोन कलाकार हौशी. आणि प्रत्येक प्रयोगात कमीत कमी दोन भाषा. नियम प्रामाणिक आहे, पण मला त्याची थोडी धास्ती वाटते. निर्वासिताने येऊन दोन वाक्यं अरबीत बोलायची, वर उपशीर्षक, आणि कलम पूर्ण! भाषा पाहुणी म्हणून येते, जेवते, जाते.

याउलट लेखक डाव्हिद व्हान रेब्रूक यांचं 'मिसी' (२००७) बघा. हे एकपात्री नाटक केव्हीएसचंच. काँगोतल्या वृद्ध मिशनऱ्यांच्या मुलाखतींवर बेतलेलं. ब्रूनो व्हान्डेन ब्रुके व्याख्यानाला उभं राहिल्यासारखे एकटेच बोलत राहतात, आणि मुलखाकडची फ्लेमिश लकब सोडत नाहीत. उभं आयुष्य आफ्रिकेत काढलेला हा पाद्री. त्याची श्रद्धा, भाबडेपणा आणि युद्धात पाहिलेली भीषणता एकाच सपाट सुरात येते. फ्लँडर्स आता त्याला परकं आहे, आणि काँगोचाही तो नाही. राऊंच्या दुसऱ्या भाषेच्या कलमात हे नाटक बसलं नसतं.

पुढच्या आठवड्यात सीमेपलीकडे, नेदरलँड्समध्ये. सुरिनामहून तिथे आलेली पुष्कळ माणसं डच घेऊनच आली होती. तरी त्यांना स्वतःची नाटकमंडळी का काढावी लागली, ते पाहू.