भय आणि श्रद्धा : काशीचे नीळकंठशास्त्री

गेल्या लेखांकात गेथशेमाने बागेतील प्रार्थनेचा विचार करताना आपण येथवर आलो होतो की, मरणाचा प्याला टळावा अशी याचना ख्रिस्ताने स्वतः केली आणि ती करूनही तो उठून सामोरा गेला. तेव्हा भय वाटणे हे ख्रिस्ती शिकवणीत अश्रद्धेचे लक्षण खास नव्हे. हे तत्त्व हाडामांसाच्या माणसात कसे उतरते ते पाहावयास यरुशलेम गाठण्याचे प्रयोजन नाही. काशीतील एका चित्पावन घराण्यापर्यंत गेले तरी पुरे.

नीळकंठ गोरे १८२५ मध्ये जन्मले. आजोबांनी बांद्याच्या नवाबाच्या दरबारी कारभार पाहिलेला, आणि नातू काशीत शास्त्राध्ययनात वाढलेला. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ काशीत उपदेश करीत. त्यांना निरुत्तर करावे, या हेतूने हे तरुण शास्त्रीबोवा वादास उभे राहिले. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षे'चे खंडन करण्यासाठी त्यांनी संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. कोणी जन्मतःच सुखी आणि कोणी जन्मतःच पीडित का, याचा उलगडा पूर्वकर्म मानल्यावाचून होत नाही, हा शास्त्रीबोवांच्या पक्षाचा मोठा आधार होता. आणि ख्रिस्ती मताच्या कैवाऱ्यांनी त्याचे बिनतोड उत्तर दिले आहे, असे निदान प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

परंतु वादासाठी हाती घेतलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. वडिलांचे दुःख, जातीचा बहिष्कार, पत्नीची ताटातूट हे सारे डोळ्यांपुढे असताना, घरच्यांच्या नजरेआड जौनपूर येथे १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५३ मध्ये काशीतच त्यांना कन्या झाली, ती एलन लक्ष्मी. तिची आई लक्ष्मीबाई थोड्याच दिवसांत वारली, आणि पोर परक्या घरी वाढली. तिला सांभाळणाऱ्या नीळवाल्या साहेबाचे सत्तावनच्या बंडात दिवाळे निघाले, तेव्हा तेही छत्र गेले. जन्मतः वाट्यास येणाऱ्या दुःखाचा जो प्रश्न म्यूरसाहेबांपुढे शास्त्रार्थाचा होता, तो आता घरचा झाला.

येथे भाविक चरित्रकार शांतीचे वर्णन करू लागतात. गोऱ्यांच्या बाबतीत ते साधत नाही. अनंत नरकाची कल्पना त्यांना बोचत असे, आणि संशयांनी जन्मभर पाठ सोडली नाही. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले, काउली फादर्सच्या संन्यासी संघातही राहिले, परंतु अंतिम व्रत घेतले नाही. तरी १८६० च्या आपल्या 'षड्दर्शन दर्पणा'त ज्या कर्मसिद्धान्ताचा त्यांनी त्याग केला, त्याच्याकडे ते परतले नाहीत. कारण, मला दिसते ते असे की, दुःखाचा हिशेब मांडणाऱ्या ईश्वरापेक्षा दुःख भोगणारा ईश्वर त्यांना अधिक विश्वसनीय वाटला, मग त्या विश्वासाने रात्रीची झोप मिळो वा न मिळो.

पुढे इंग्लंडात असलेल्या पंडिता रमाबाईंच्या शंका शमल्या, त्यांत याच गृहस्थांच्या लेखनाचा वाटा मोठा होता. १८८३ मध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. संशयाची वाट स्वतः तुडविलेल्या माणसावाचून हे काम दुसऱ्या कोणाच्या हातून झाले असते, असे मानणे कठीण आहे. रमाबाईंच्या वाट्यास आलेल्या दुष्काळाच्या, मुलीच्या मृत्यूच्या आणि एकाकीपणाच्या परीक्षा पुढील आठवड्यात पाहू.