उकिरडा आणि प्लॅस्टिक

वाशीम जिल्ह्यातील कामरगावसारख्या शेतीप्रधान गावात घरचा केर उकिरड्यावर टाकण्याची रीत जुनीच. शेण व काडीकचरा कुजून खत होई. म्हणून ती निंद्यही नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यात मिसळू लागल्या आणि बिघाड झाला. त्या कुजत नाहीत. खताबरोबर शेतात जाऊन पडतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीत १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशा, भिंतीत झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन तीन-चार महिन्यांत खत तयार होते. मात्र टाके भरताना प्लॅस्टिक वेचीत कोण बसणार? ही निवड घरीच, दोन टोपल्यांत व्हावयास हवी. घंटागाडीत दोन्ही पुन्हा एकत्र ओतले गेले, तर घरच्यांचे श्रम वाया जातात. म्हणून ग्रामपंचायतीने आधी गाडीत दोन कप्पे करावेत.