उथळ पाण्यातलं फुप्फुस

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या हंपबॅक डॉल्फिनचं शास्त्रीय वर्णन क्यूव्हिए यांनी १८२९ साली केलं, मलबारच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून. डॉल्फिनच्या फुप्फुसाच्या अभ्यासातला मोठा टप्पा आला तो बरोबर शंभर वर्षांनी. १९२९ मध्ये जॉर्ज विस्लॉकी यांनी बॉटलनोज डॉल्फिनच्या फुप्फुसाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

ती रचना आजही थक्क करते. माणसाच्या श्वासनळीला फाटे फुटत फुटत ती मिलिमीटरभर उरली की कूर्चा संपते. डॉल्फिनमध्ये मात्र कूर्चेच्या कड्या थेट वायुकोशांच्या तोंडापर्यंत पोचतात. शेवटच्या बारीक नळ्यांत स्नायू आणि लवचीक तंतूंची वलयं एकामागोमाग एक असतात, बटव्याच्या नाडीसारखी आवळणारी. दोन वायुकोशांमधल्या पडद्यात आपल्याला केशवाहिन्यांचं एकच जाळं. डॉल्फिनला दोन, दोन्ही बाजूंना एकेक.

एवढा बंदोबस्त कशासाठी? शोलांडर यांनी १९४० साली उत्तर दिलं: खोल पाण्यात दाबामुळे वायुकोश मिटतात, हवा या ताठ नळ्यांत सरकते आणि नायट्रोजन रक्तात उतरायचा थांबतो. १९७९ मध्ये रिजवे आणि हॉवर्ड यांनी बुडी मारून आलेल्या डॉल्फिनच्या स्नायूंतला नायट्रोजन मोजला आणि फुप्फुस मिटण्याची खोली सुमारे ७० मीटर काढली.

आपल्या किनाऱ्यापुरतं हे उत्तर मला अपुरं वाटतं. हंपबॅक सहसा २५ मीटरपेक्षा उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी वावरतो. त्याच्यासाठी जास्त मोलाचं काम कूयमन आणि कॉर्नेल यांचं, १९८१ मधलं. जोरात श्वास सोडताना माणसाच्या बारीक नळ्या दबतात आणि हवेचा वेग पडतो. डॉल्फिनचा वेग मात्र फुप्फुस बरंचसं रिकामं होईपर्यंत टिकतो, कारण कूर्चा नळ्या दबू देत नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्याच्या उसळत्या लाटांत नाकपुडी क्षणभरच उघडायची आणि तेवढ्यात बहुतेक हवा बदलून घ्यायची, तर असंच फुप्फुस हवं.

२०१७ पासून हंपबॅकची ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. तिचं फुप्फुसही असंच आहे का हे तपासायचं, तर मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला, की पुरण्याआधी फुप्फुसाचा एक तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवायलाच हवा. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, म्हणजे तुकडा लांब पाठवायचीही गरज नाही. उन्हात नळ्यांचं नाजूक अस्तर लवकर गळून जातं, पण कूर्चा आणि लवचीक तंतू बराच काळ तग धरतात. त्यामुळे दिवसभर वाळूत पडलेल्या डॉल्फिनमध्येही कड्या नेमक्या कुठवर जातात, हे पाहता येतं.