रात्रभर सायकल चालवायची, तर झोपेचा हिशेब आधी मांडा

हा भाग रेकॉर्ड करताना मागे हिंजवडी फेज वनचे हॉर्न वाजत होते. लिहिताना तेवढे गाळलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय बीआरएम. शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी दुपारी ३०० किलोमीटर सायकल चालवून आलो, असं सोमवारी ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कितवा आलास?" आणि दुसरा, "पाय नाही का दुखले?" मला विचाराल तर खरा प्रश्न तिसराच आहे: "झोपलास कुठे?" हे मला पहिल्या प्रयत्नात फसल्यावर कळलं.

बीआरएम म्हणजे काय?

ही रेस नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, बस. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका सीझनमध्ये हे चारही पूर्ण केले की तुम्ही 'सुपर रँदोनर'. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स बघते आणि जगभरच्या राइड्सना मान्यता देतो पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन. या मंडळींची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली ती पहिल्यांदा झाली. आता दर चार वर्षांनी होते, अंतर साधारण १२०० किलोमीटर.

वाटेत 'कंट्रोल' असतात. तिथे ब्रेव्हे कार्डावर नोंद करून घ्यायची. प्रत्येक कंट्रोल बंद होण्याची वेळ ठरलेली असते, साधारण ताशी १५ किलोमीटरच्या हिशेबाने. आणि कंट्रोल सोडून मधे कुठेही मागे तुमची मदतीची गाडी चालत नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं.

आता गणित बघा

३०० किलोमीटर, २० तास. चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी २० धरला तर पॅडल मारायला लागतात १५ तास. उरले पाच. खाणं, पाणी, पंक्चर, नोंदी यांत दोन-अडीच तास जातात. तरीही अडीच-तीन तास हातात राहतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बफर आहे. नवखा माणूस तो वाचवत बसतो. मीही तेच केलं.

पहिला प्रयत्न

संध्याकाळी सहाला हिंजवडीजवळून सुरुवात. भूमकर चौक, चांदणी चौक, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, मग खंबाटकी घाट चढून सातारा आणि कराडच्या अलीकडे उंब्रजला वळण. आदल्या रात्री रिलीज होतं म्हणून दोनपर्यंत जागा होतो आणि सकाळी सातला उठलेलो. पण अंगात जोश होता. उंब्रजला पावणेदोनला पोचलो, चहा-बिस्किटं खाल्ली आणि सव्वादोनला परत निघालो. झोपायचा विचारही केला नाही.

सातारा मागे पडला. पावणेपाचच्या सुमारास, आनेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे, मागून ट्रकचा कर्कश हॉर्न आला आणि मी दचकलो. बघतो तर सायकल पांढरी पट्टी ओलांडून ट्रकच्या लेनमध्ये. आधीचे काही सेकंद मला आठवतच नव्हते.

टोलनाक्यावर जाऊन बसलो. हात थरथरत होते. आयोजकांना फोन करून सांगितलं, मी थांबतोय. पुण्याकडे निघालेल्या भाजीच्या टेम्पोत सायकल टाकून परत आलो. आईला फक्त 'पंक्चर झालं' एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी हिशेब केला. मी थांबलो तेव्हा १०५ किलोमीटर राहिले होते आणि सव्वानऊ तास हातात होते. सव्वापाच तास पॅडलचे. म्हणजे चार तास शिल्लक. चार तास! आणि मी वीस मिनिटं झोपलो नव्हतो.

असं का होतं?

शरीराचं आपलं घड्याळ असतं. पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान शरीराचं तापमान सर्वात खाली असतं आणि सावधपणाही. त्यात बावीस तासांचं जागरण. अशा वेळी मेंदू काही सेकंदांसाठी बंद पडतो, डोळे उघडे असले तरी. ताशी २० च्या वेगाने सायकल चार सेकंदांत २२ मीटर जाते, उतारावर ताशी ४० ने ४४ मीटर. तुम्हाला ते कळतही नाही, आणि 'मला कळेल' हा विश्वासच सगळ्यात धोक्याचा.

मोठे खेळाडूही झोपेशीच झगडतात. अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. त्यांच्या मागे गाडी असते, कधी झोपायचं यावर लक्ष ठेवणारी टीम असते. बीआरएममध्ये ती टीम म्हणजे तुम्ही स्वतः.

दुसऱ्या वेळी काय बदललं?

एक, राइडच्या आधीच्या दोन रात्री नीट झोपलो. त्या आठवड्यात रात्रीचं डिप्लॉयमेंट घेतलं नाही, तसं आधीच सांगून टाकलं. निघायच्या दिवशी दुपारी दीड तास आडवा झालो.

दोन, उंब्रजचा कंट्रोल पहाटे चारला बंद होणार होता. मी सव्वादोनला पोचलो, आधी नोंद केली आणि मग झोपलो. हा क्रम उलटा करू नका.

तीन, चहा पिऊन लगेच २० मिनिटांचा अलार्म लावला आणि धाब्याच्या खाटेवर आडवा झालो. चहा-कॉफीतल्या कॅफीनला असर दाखवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चालून मगच सायकलवर बसलो.

चार, खुणा ठरवून ठेवल्या. मान खाली जाणं, सायकल पट्टीकडे सरकणं, मागचे दोन किलोमीटर न आठवणं. यातलं एकही झालं की थांबायचं, वाद नाही. पहाटे पाचला एकदा तसं झालं आणि पेट्रोल पंपावर उजेडात पुन्हा वीस मिनिटं झोपलो.

नवले पुलाच्या उतारावर पोचलो तेव्हा गाड्यांची गर्दी होती, पण डोकं जागं होतं. १८ तास ५० मिनिटांत संपलं. टेम्पोची खरी गोष्ट आईला तेव्हा सांगितली. ती ओरडलीच.

जाता जाता: हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जॅकेट हे सगळं लागतंच. हेडफोन मात्र रस्त्यावर नको, आमचा पॉडकास्ट असला तरी नको. आणि थांबावं लागलंच तर लाज वाटून घेऊ नका. बीआरएम पुन्हा लागते.

तुमची पहिली रात्र कशी गेली, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात पंक्चर, अंधारात आणि एकट्याने. भेटूच!