शब्दांची वर्दी

१३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानात रणगाड्यांसह शिरले ते भारतीय लष्कर. तरीही बसवकल्याणसह साऱ्या बीदर जिल्ह्यात नाव रुळले ते 'पोलीस ॲक्शन'! 'लष्कर' म्हणजे परराष्ट्राशी युद्ध. 'पोलीस' म्हणजे घरातला बंदोबस्त. हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती, तेव्हा हा भेद मोलाचा होता. ती मुक्ती आम्हांस वंदनीयच आहे. परंतु त्या सौम्य शब्दाआड पुढे बीदर-गुलबर्ग्यात सांडलेले निरपराधांचे रक्तही झाकले गेले. नोकरकपातीला 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणणारी आजची इंग्रजीही त्याच वळणाची. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शब्दार्थाबरोबर हेही विचारावयास शिकवावे : हा शब्द काय सांगतो, आणि काय लपवतो?